जिन्यात अडकलेलं कपाट आणि दादाचा घण

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून घालायला सोपा जातो. प्रत्यक्ष भेटीत हल्ली माझी कंबर अर्ध्यावर थांबते, तेव्हा उरलेला तू समजून घेत जा.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तिकडची खुशाली वहिनीने फोनवर कळवलीच. तुझ्या अंगठ्याचं नख आता कसं आहे? नवीन येतंय, की जुनंच अजून जीव धरून आहे? वहिनी म्हणाली, तू एक नवा घण आणला आहेस आणि तो दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभा करून ठेवला आहेस. या वयात काहीतरी व्यायाम हवाच, चांगलं केलंस. बारक्याने त्याच्या दारापुढे बांधलेली पायरी तुमच्या दोघांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत वीतभर पुढे आली आहे, तिला ठेचकाळून तुझं नख गेलं, आणि आता रविवारी सकाळचा चहा झाला की तू ती पायरी फोडणार आहेस, हे कळलं. बारक्या त्याच पायरीवर उशी टाकून बसणार आहे आणि 'आधी मला फोडा' असा त्याने निरोप पाठवला आहे, हेही कळलं. पण या विषयावर मी अवाक्षर लिहिणार नाही. तुम्ही दोघे भाऊ भिंतीला भिंत लावून राहता, मी मधली बहीण एवढ्या लांब, माझं ऐकतो कोण! मी आपली माझी हकीकत सांगायला बसले आहे.

पत्र पोस्टाने न टाकता आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांच्या हाती पाठवते आहे. लांबून आलेले असतील, त्यांना आत घे, चहा दे, आणि खुर्ची जरा भक्कम दे (वेताची नको, वेताच्या खुर्चीत ते एकदा अडकले होते आणि उठले तेव्हा खुर्चीसकट उठले). पत्र मात्र सवडीने वाच. मी एवढं हाताने लिहिलं, तर तू डोळ्यांनी वाचायला हरकत नाही. चष्मा शोध. फ्रिजवर असेल.

तर तुला ठाऊकच आहे, मी आयुष्यभर पालिकेच्या आरोग्य खात्यात लसी टोचत आले. या शहरातली निम्मी तरणी माणसं मला बघून अजून दंड चोळतात. निवृत्ती जवळ आली, आता खुर्चीत बसून इतरांना टोचायला सांगावं असं मनात होतं. तेवढ्यात आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बैठक बोलावली आणि जाहीर केलं की मारामारी हा साथीचा रोग आहे. गोवरासारखाच. एकाला होतो, त्याच्याकडून त्याच्या भावाला, भावाकडून मित्राला, आणि आठवडाभरात सगळी गल्ली आजारी. पोलीस पोचतात ते पुरळ उठल्यावर, आपण त्याआधी पोचायचं, पहिला मार बसला की दुसरा बसू द्यायचा नाही. त्यासाठी शहराने आरोग्याच्या पैशातून एका वर्षाची तरतूद केली होती आणि त्या योजनेची प्रमुख म्हणून मला नेमलं होतं. मी म्हटलं, बाई, मला गोवरातलं कळतं, मारामारीतलं काय कळणार? त्यांनी विचारलं, भावंडं किती? मी म्हटलं, दोन भाऊ, मी मधली. मग झालं तर, म्हणाल्या, तुमचा अनुभव दांडगा आहे, आणि सही करून मोकळ्या झाल्या. (खोटं नव्हतं ते. लहानपणी माझं अंथरूण तुमच्या दोघांच्या मधोमध असायचं, ते काही माया म्हणून नव्हे.)

आता आमच्या खात्याला एकच काम नीट येतं, ते म्हणजे लसीकरण. तेव्हा आम्ही हेही काम लसीकरणासारखंच सुरू केलं. लसीकरणात एक पद्धत असते. घराघरात जायचं, ज्या घरी काम झालं त्या दारावर खडूने खूण करायची, म्हणजे दुसरी तुकडी पुन्हा त्याच घरात घुसत नाही. आम्ही तसंच ठरवलं. ज्या घरात कोणी कोणावर चिडलेलं नाही त्या दारावर गोल, आणि ज्या घरात राग आढळला त्या दारावर फुली. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली होती, लपवत नाही. पुढे एक गाडी, तिच्यावर भोंगा, भोंग्यातून माझाच आवाज की नागरिकहो घाबरू नका, आपल्या गल्लीत रागाची तपासणी चालू आहे. दुपारपर्यंत फुलीवाली घरं बाहेर येऊन विचारू लागली की आमची चहाडी केली कोणी. समोरच्या गोलवाल्यांनीच केली असणार, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. एकाने आपली फुली पुसून शेजारच्या दारावर काढली. एक निवृत्त मास्तर आपल्या दारावरचा गोल बघून इतके खवळले की काठी घेऊन माझ्या अंगावर आले. त्यांचं म्हणणं, आम्हाला काय राग येत नाही? आम्ही काय मेलोय? त्यांच्या दारावर मी मुकाट्याने फुली काढून दिली, तेव्हा कुठे ते शांत झाले. पण गल्ली काही शांत झाली नाही. संध्याकाळी दोन घरांची जुंपली, ती सोडवताना आमच्या एका नर्सबाईंच्या अंगावर बादलीभर पाणी आलं (स्वच्छ होतं, असं लोक सांगतात). दुसऱ्या दिवशी पालिकेच्या अर्थ समितीचे सभापती फोनवर एवढंच म्हणाले, की योजना येण्यापूर्वी या गल्लीत कधी भांडण झाल्याची नोंद नाही.

डॉक्टरीणबाईंनी खडू आणि भोंगा दोन्ही काढून घेतले. म्हणाल्या, गल्लीतली माणसं ज्याचं ऐकतात असा माणूस शोधा. ज्याचं सगळे ऐकायचे असा एकच होता, कारण एके काळी तो सगळ्यांना मारायचा. त्याला पैलवान म्हणतात. कुस्ती तो कधीच खेळला नाही, फक्त देह तसा आहे. एका हॉटेलच्या दारात उभं राहून नको त्या गिऱ्हाइकांना बाहेर फेकणं हा त्याचा धंदा होता. पुढे खांदा निखळला तेव्हा त्याने तो धंदा सोडला. हॉटेलवाला अजून त्याला परत बोलावतो, फेकता येत नसेल तर नुसता उभा राहा म्हणतो. मी त्याला घ्यायला गेले तेव्हा जरा भीत भीतच गेले. तो दारात बसून स्वतःच्या शर्टाला बटण लावत होता आणि सुईत दोरा ओवता येईना म्हणून रडकुंडीला आला होता. मी दोरा ओवून दिला, त्याने नोकरी घेतली. दुसऱ्या आमच्या टपरीवाल्या काकू. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्यांची चहाची टपरी आहे. कोणाला कोणी मारलं आणि आता कोण कोणाला मारायला निघालंय हे रुग्णाला आपलं नाव सांगता येण्याआधी त्यांना कळलेलं असतं.

आमची पद्धत आता तुला सांगते, कारण तुला असल्या गोष्टींची आवड आहे. चूक कोणाची, हे कधीच विचारायचं नाही. ते विचारलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून तापतो. मार खाल्लेल्याकडे डॉक्टर बघतात, आपण त्याच्या भावाकडे बघायचं, कारण पुढचा मार तो देणार असतो. त्याला खाली बसवायचं. उभा माणूस निघून जातो, बसलेल्याला चहा देता येतो. आणि मग बोलत राहायचं, कशाबद्दलही, फक्त ज्याबद्दल तो चिडलाय ते सोडून. राग म्हणजे दूध नव्हे की गॅस बंद केला आणि खाली बसलं, त्याला बराच वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ काढणं, एवढंच आमचं शास्त्र.

पैलवान वेळ काढतो तो कपाटाच्या गोष्टीने. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती हॉस्पिटलात. एका भाजीवाल्याचं डोकं फुटलं होतं, आत टाके पडत होते, आणि बाहेर त्याचे दोन भाऊ बाह्या सरसावून निघाले होते. पैलवान त्यांच्या वाटेत बाकावर बसला (बाक भरला) आणि आपला खांदा चोळत म्हणाला, लोखंडी कपाट उचललंय का कधी? एकजण नकळत हो म्हणाला, आणि संपलं. पैलवानाने आईसाठी आरशाचं लोखंडी कपाट घेतलं होतं. वरच्या टोकाला तो, खालच्या टोकाला त्याचा भाऊ, आणि जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर जाईना, खाली येईना. वरचा म्हणतो तुझ्या बाजूने तिरकं कर, खालचा म्हणतो तू कर. वरच्या मजल्यावरचा एक बाबू ऑफिसला जायला निघालेला, तो कपाटाच्या पलीकडे थांबलेला. खालून एक बाई दुधाचं पातेलं घेऊन आलेली, ती अलीकडे खोळंबलेली. पैलवान हे इतकं सावकाश सांगतो की ऐकणाऱ्याचे हात दुखायला लागतात. कठड्याचा रंग सांगतो, आरशात कोणाचं तोंड कसं दिसत होतं ते सांगतो. टाके घालून भाजीवाला बाहेर आला तेव्हा त्याचे भाऊ बाकावर बसून, हाताने जिन्याचं वळण काढून, कपाट कसं फिरवायला हवं होतं यावर आपसात चर्चा करत होते. मग तिघे घरी गेले. त्या दिवशी आणखी काहीही घडलं नाही.

आणि दादा, आमची सगळी पंचाईत इथेच आहे. काहीही घडलं नाही! वर्ष संपत आलं, पुढच्या पैशांसाठी समितीपुढे उभं राहायचं, आणि दाखवायला काय? लसीच्या वेळी निदान रिकाम्या बाटल्या दाखवता येतात. न झालेल्या मारामाऱ्या कशा दाखवायच्या? सभापती म्हणाले, जे घडलंच नाही त्यावर शहराने खर्च का करावा? पैसे थांबले तर मी परत सुया उकळायला जाईन, माझं काय, पण पैलवान त्या हॉटेलच्या दारात जाईल, आणि तिथे त्याला नुसतं उभं राहू देणार नाहीत हे मलाही कळतं आणि त्यालाही. रोज सकाळी तो येऊन विचारायचा, ताई, काही कळलं का? मी म्हणायची, अजून नाही, तू बटण लाव. (त्याचं एक बटण कायम तुटलेलं असतं.)

शेवटी आम्ही समितीला प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. खात्याच्या डोक्यातून दुसरं काय निघणार? आग विझवणारे नाही का खोटी आग लावून दाखवत, तसं. सभागृहात आमच्या दोन वॉर्डबॉयनी खुर्चीवरून खोटं भांडायचं आणि पैलवानाने ते शमवायचं. आता आमचे वॉर्डबॉय म्हणजे दोघेही देवमाणसं. एक म्हणतो ही खुर्ची माझी, दुसरा म्हणतो बरं, घ्या. सभापती वैतागून म्हणाले, असं कोणी भांडतं का? त्यावर विरोधी बाजूचे एक सदस्य, जे घरातही काळा चष्मा लावतात आणि ज्यांना सगळे गॉगल म्हणतात, ते म्हणाले, सभापतींना अनुभव जास्त, त्यांनीच करून दाखवावं. सभापती म्हणाले, म्हणजे काय? गॉगल म्हणाले, म्हणजे जे सगळ्यांना माहीत आहे ते. मग माइकची ओढाओढ झाली, पाण्याचा पेला कोणाच्या तरी मांडीवर गेला, आणि आम्ही वर बघतो तो शहराच्या अर्थ समितीचे सभापती आणि विरोधी सदस्य एकमेकांच्या कॉलरला धरून उभे! आमचे वॉर्डबॉय आपलं खोटं भांडण सोडून त्यांचं खरं बघायला पुढे जाऊन बसले.

मी खडू शोधत होते (सवय, दुसरं काय). पण पैलवान उठला. त्याने घाई केली नाही. एक खुर्ची आणून सभापतींच्या गुडघ्यांमागे टेकवली, सभापती आपोआप बसले. दुसरी गॉगलना. मग स्वतः मधोमध बसला आणि खांदा चोळत म्हणाला, साहेब, तुमच्या घरी लोखंडी कपाट आहे का? कपाट जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत सभापतींनी कॉलर सारखी केली होती. बाई दूध घेऊन आली तेव्हा गॉगलनी गॉगल काढला होता (डोळे बरे आहेत त्यांचे). बाकीचे सदस्य खुर्च्या ओढून जवळ सरकले होते. आणि नेमकी तेव्हाच चहाची वेळ झाली.

मी मनात म्हटलं, जिंकलो! यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पण चहानंतर चिटणिसांनी कामकाज वाचून दाखवलं, त्यात प्रात्यक्षिक शांततेत पार पडलं, सभेत काहीही घडलं नाही, असं लिहिलेलं. घडलं असं लिहिणार तरी कसं बिचारे! आणि सभापतींनी घसा साफ करून सांगितलं की योजनेचा परिणाम दिसून येत नसल्याने पुढील तरतूद करता येत नाही. मला रडूच कोसळलं, दादा. एवढ्या लोकांत रडले. पैलवानाने मला आपला रुमाल दिला, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाला. तेवढ्यात गॉगल ओरडले, अहो, पण त्या कपाटाचं पुढे काय झालं? पैलवान वळून म्हणाला, साहेब, ते आमच्या कामातलं बोलणं आहे. काम बंद झालं. सगळी समिती सभापतींकडे बघू लागली. सभापती छताकडे बघू लागले. मग ते म्हणाले की आरोग्याचा प्रश्न असल्यामुळे विषय पुन्हा मतास टाकायला हरकत नाही.

तर आणखी एक वर्ष मिळालं आहे. भोंग्याचा खर्च कापला, त्याचं कोणाला दुःख नाही. एक अट घातली आहे की आमच्या माणसांनी शहराच्या हद्दीबाहेर काम करायचं नाही. पैलवानाने समितीला सांगितलं की कपाटाचं पुढचं पुढच्या वर्षीच्या सभेत. तो इतका आनंदात आहे की त्याने शर्टाची सगळी बटणं एकदम लावून घेतली आहेत.

बाकी विशेष नाही. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुझ्या नखाला उत्तम आराम. पायरीबद्दल मी काही लिहिलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

तुझी,
मधली

ता. क. नखाला हळद वगैरे लावत बसू नकोस. मलम पाठवलं आहे, त्या गृहस्थांच्या पिशवीत आहे.

ता. क. दुसरा. ते गृहस्थ म्हणजे कोण, हे तू एव्हाना ओळखलं असशीलच. खुर्ची भरलेली दिसली असेल. शहराच्या हद्दीबाहेर काम करायचं नाही ना, म्हणून त्याने रजा काढली आणि स्वतःच्या खर्चाने आला. मी सांगितलं नव्हतं. वहिनीचा फोन आला तेव्हा तो शेजारी बसला होता, एवढंच म्हणाला, ताई, दोन भाऊ आहेत म्हणालात ना? घण आता टीव्हीशेजारी नसेल. त्याच्या खुर्चीखाली असेल, ओढून काढायला जाऊ नकोस. या पत्राला मी एवढं लांबण का लावलं तेही तुला कळलं असेल. चहा कधीच संपला, ऊन वर आलं, रविवारची सकाळ गेली. रागावू नकोस. मला भीती वाटली, दादा. आमच्याकडे फुटलेली डोकी घेऊन येतात ती माणसं गुंड नसतात. निम्मे तर भाऊच असतात, एकाने दुसऱ्याला आणलेलं असतं, आणि आणणारा जास्त रडत असतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हेच पत्र, थोडं बदलून, भिंतीपलीकडे बारक्यालाही मिळालं आहे. ते घेऊन टपरीवाल्या काकू गेल्या आहेत. जिन्यात दुधाचं पातेलं घेऊन खोळंबलेली बाई ती याच. कपाटाची वरच्या टोकाची गोष्ट पैलवान तुला सांगेल, वळणापर्यंत. वळणानंतरचं त्याला सांगवत नाही, का ते विचारू नकोस. खालच्या टोकाला त्याच्या भावाचं काय झालं आणि कपाट शेवटी वर गेलं की नाही, हे काकूंनी खालून पाहिलं आहे आणि ते त्या फक्त बारक्याला सांगणार आहेत. मला दोन्ही अर्ध्या गोष्टी माहीत आहेत, पण मी सांगणार नाही, फोन करू नकोस. ऐकायचं असेल तर बाहेर जा आणि बारक्याला विचार. तो तिथेच उशी टाकून बसला असेल. त्याला म्हणावं, सरक. ती पायरी वीतभर जास्त रुंद झाली आहे हे मला मान्य आहे (चूक कोणाची, ते मी बोलत नाही), पण त्यामुळे तिच्यावर दोघे जण आरामात मावतात.